बेगमेची मर्जी

बेगम जातीची पर्शियन, पण इराण तिनं पाहिलेला नाही, तिच्या आईनंही नाही. वास्तव्य सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कांच्या माडीवर. खाली टॉवेलचे यंत्रमाग खडखडत असतात आणि वर ही झोपलेली असते. चपटं नाक, आखूड पाय, काळ्या-केशरी कबऱ्या रंगाची लांब लव. आल्यागेल्याकडे ती अशी बघते की पाहुणा आपसूक चपला बाहेर काढतो. काळा आणि केशरी एकाच अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणून कबरं मांजर जवळजवळ नेहमी मादीच, असं डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, "बाईमाणसाचाच रंग की मग." विषय मिटला.

एरवी बेगम मितभाषी. पहिल्यांदा माजावर आली तेव्हा मात्र तिनं अख्खी गल्ली उठवली. घसा फाडून ओरडणं, फरशीवर लोळणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर, शेपूट एका अंगाला. पोटात दुखत असणार म्हणून अक्कांनी ओव्याचं पाणी केलं. बेगमेनं ते हुंगलं आणि पुन्हा सूर लावला. डॉक्टर हसले. दुखत काही नाही, म्हणाले. पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून टाका, हवी असतील तर निदान वर्षाची होऊ द्या. पर्शियनांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार आईबापांकडून उतरतो, त्यामुळे दोघांचीही तपासणी करायला सांगितली. हे त्यांनी दोनदा सांगितलं, ते बरं केलं. कारण स्थळ बघताना लोक बोक्याचा चेहरा बघतात, मूत्रपिंड कोण बघतो?

दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. थंड मुलखात त्या हिवाळाभर गप्प असतात. सोलापुरात थंडी नावाला, दिवसही फारसा आखडत नाही, त्यात माडीवर मध्यरात्रीपर्यंत ट्यूबलाइट. बेगमेच्या पंचांगात बाराही महिने मुहूर्त! बोका भेटला नाही की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तोच गोंधळ.

यंदा संक्रांतीला गावात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी होती आणि अक्कांच्या घरी नवाबाची. नवाब होटगी रोडचा, पांढराशुभ्र, कागदपत्रांसकट. त्याला इथं आणलं हेच चुकलं. परक्या घरात बोक्याला आधी हद्द आखायची असते. नवरदेवानं सोफा हुंगला, चादरींच्या घडीवर धार सोडली आणि वधूकडे बघितलंही नाही. त्यामुळे वऱ्हाड उलटं निघालं. मांजरांत मुलगीच मुलाच्या घरी जाते, तीही बघायच्या कार्यक्रमालाच.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर, आणि त्याआधी संमतीचं वाचन होतं. इथं रंग, वंश, पिल्लांची किंमत सगळं ठरलं होतं. वधूची संमती तेवढी राहिली होती. पहिल्या दिवशी बेगम पिंजऱ्यात, नवाब बाहेर. तिच्या अंगाखालचं फडकं त्याच्याकडे, त्याचं तिच्याकडे, वास ओळखीचा व्हावा म्हणून. नवाब जाळीला नाक लावून घशातल्या घशात गुरगुरत गाणं म्हणायचा आणि बेगम जाळीतून पंजा काढून नेमका त्या नाकावर मारायची. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर ती कपाटाखाली. अक्कांचा नातू तिला मानेला धरून बोक्यापुढे ठेवायला निघाला. त्याच्या मनगटावरचे ओरखडे अजून दिसतात. माज असला तरी पहिल्या दिवशी मादी बहुधा जवळ येऊ देत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, बेगमेनं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तीच बाहेर आली. नवाबासमोर लोळली, उठली, दूर गेली, पुन्हा लोळली. त्यानं मानगूट दातात धरलं आणि पुढचं सगळं मिनिटाच्या आत आटोपलं. मग एक कर्कश किंकाळी, आणि वळून अशी चपराक की नवाब थेट खिडकीच्या कट्ट्यावर. अनुभवी लोक बोक्यासाठी असा उंच कट्टा मोकळा ठेवतात. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात, किंकाळी बहुधा त्यांचीच. मांजरीचं बीज सहसा आपोआप सुटत नाही. संग झाला की एक-दीड दिवसानं सुटतं, आणि त्याला एक खेप बहुधा पुरत नाही. बेगम लोळली, अंग चाटलं, आणि थोड्या वेळानं स्वतःच कट्ट्याखाली जाऊन त्याला हाक मारू लागली. थोबाडीत खाल्लेला नवाब बराच वेळ उतरायला तयार नव्हता.

घरी आणली तेव्हा माज उतरला नव्हता. अक्का चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात ती जिन्यानं खाली मागांच्या शेडमध्ये. तिथं एक तांबडा बोका राहतो. कान फाटका, वंश अज्ञात, काम सुताच्या कोनांवरचे उंदीर मारणं. त्याच्यासाठी ना पिंजरा लागला, ना फडकं.

नऊ आठवड्यांनी, पाडव्याच्या आसपास, बेगम चादरींच्या कपाटात व्याली. तीन पिल्लं. दोन चपट्या नाकाची, झुबकेदार. तिसरं लांब नाकाचं, आखूड केसांचं, तांबडं. एका वेतात दोन बाप असू शकतात, डॉक्टर म्हणाले. नवाबाच्या मालकाला करारातलं एक पिल्लू हवं होतं. त्यानं तिन्ही उचलून पाहिली आणि तांबडं लगबगीनं खाली ठेवलं. चपट्या नाकाच्या दोन्हींची बोली झाली, आठ आठवडे आईपाशी ठेवून मग द्यायची. तिसऱ्याचं काय, असं मी विचारलं.

"ते कुठं विकायचं?" अक्का म्हणाल्या. "शेडमध्ये उंदीर काय कमी आहेत होय!"