सहा महिन्यांचं इंजेक्शन

ऑफिसात माझं काम म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या गोष्टी लिहिणं. रात्री दोनला बॅकअप, एक तारखेला बिलं. त्यामुळे आईच्या इंजेक्शनची तारीख सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, यात कुणाला नवल वाटलं नाही.

आई साताऱ्याला असते. तीन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. नुसतं घसरून हाड कसं मोडतं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन करायला लावला. टी-स्कोअर उणे 3.2. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस.

मग डेनोसुमॅब सुरू झालं. दर सहा महिन्यांनी 60 मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली. आपलं हाड सतत मोडत आणि बांधलं जात असतं. पाळी गेल्यावर मोडणाऱ्या पेशी वरचढ होतात. हे औषध त्यांना कामाला लागायचा निरोपच पोचू देत नाही. आईच्या मते मात्र ते ‘मुंगी चावल्यासारखं’ आहे, आणि तेवढ्यासाठी रिक्षाचे पैसे जातात.

रिमाइंडर मी ऑफिसच्या कॅलेंडरवर लावला होता. मार्चमध्ये नोकरी बदलली. जुनं अकाउंट बंद झालं, त्याबरोबर रिमाइंडरही गेला. डोस मेच्या मध्यावर होता. जुलैच्या शेवटी आई फोनवर म्हणाली, पाठ फार भरून येते. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

“आई, इंजेक्शन?”

“तू काही बोलली नाहीस. म्हटलं बंद केलं असेल डॉक्टरांनी.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेले. डॉक्टर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात मुरून राहतं, थोडा उशीर खपतो. डेनोसुमॅब मुरत नाही. त्याचा असर उतरला की थोपवलेल्या पेशी एकदम तुटून पडतात, कमावलेलं हाड भराभर जातं, आणि कधी कधी मणके दबतात, एकाहून जास्तही. महिनाभर इकडेतिकडे चालतं. आमचे अडीच महिने झाले होते.

एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला दिसला. आधीचा की आत्ताचा? पाठीचा जुना एक्स-रेच नव्हता, त्यामुळे सांगता येत नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “वयाने होतं गं.” मावशीलाही तिने तेच सांगितलं. मी तिथेच बसले होते, गप्प.

28 जुलैला डोस दिला. आता माझ्या फोनमध्ये, भावाच्या फोनमध्ये आणि मेडिकलवाल्याकडे अशी तीन ठिकाणी तारीख आहे. गणपतीला घरी गेले तेव्हा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय सहज चाळलं. गॅस, दूध, भिशी, सगळं आईच्या अक्षरात. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून आलेलं नाही, म्हणून डिसेंबरच्या पानावर कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलंय: ‘28 जानेवारी इंजेक्शन. तिला आठवण करणे.’