बिऱ्हाडकरूचे आत्मवृत्त

गेले चार महिने मी अशा एका शहरात घर शोधत होते, जे मी अजून पाहिलेलेही नाही. नवऱ्याची चाकणच्या कारखान्यातून जर्मनीतील स्टुटगार्टला तीन वर्षांसाठी बदली झाली. मी महाविद्यालयाकडून बिनपगारी रजा मागून घेतली. मुलगा तिसरीत आहे. तिकडे प्राथमिक शाळा सहसा राहत्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर नाही तोवर शाळाही नाही. कंपनी पहिला महिनाभर तात्पुरती जागा देणार, पुढचे आपले आपण पाहायचे. तेव्हापासून तास आटोपून घरी आले, की जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसणे हा माझा परिपाठ झाला. इकडे संध्याकाळ झालेली असे आणि तिकडे दुपार.

भाषेच्या शिक्षकाने घर शोधायला घेतले की तो आधी शब्दांत अडकतो. तिकडच्या जाहिरातींत भाड्याचे दोन आकडे असतात, एक 'थंड' भाडे आणि दुसरे 'उबदार'. नुसत्या जागेचे ते थंड. पाणी, जिन्याची सफाई, कचरा, आणि बहुधा घर तापवण्याचा खर्चही, मिळवला की ते उबदार. आपण शयनगृहे मोजतो, तिथे दिवाणखान्यासकट खोल्या मोजतात आणि स्वयंपाकघर धरत नाहीत. कित्येक घरांत तर स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची तोंडे. ओटा, कपाटे, शेगडी सारे भाडेकरूने आणायचे आणि जाताना उचलून न्यायचे. स्टुटगार्टच्या परिसरात 'केरवोखे' नावाची एक रीत आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीने जिना आणि अंगण झाडायचे. हे वाचले आणि पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या मला एकदम माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. 'बिऱ्हाड' हा शब्दही कितीतरी वर्षांनी माझ्या मनात त्या दिवशी आला. भाडेकरू म्हटले की व्यवहार डोळ्यांपुढे येतो. बिऱ्हाडकरू म्हटले की दुसऱ्याच्या छपराखाली मांडलेली चूल दिसते.

परंतु खरी अडचण शब्दांची नव्हती. तिथे घर भाड्याने मागणाऱ्याकडून एक लेखी निवेदन घेण्याची पद्धत आहे. त्या लांबलचक जर्मन शब्दाचा सरळ अर्थ 'स्वतःविषयी स्वतःच दिलेली माहिती' असा होतो. व्यवसाय काय, मिळकत किती, राहणार किती जण, पाळीव प्राणी आहेत का, वगैरे. सोबत वेतनाच्या पावत्या आणि देणी वेळेवर फेडल्याचा दाखला. जो माणूस त्या देशात अजून पोचलेलाच नाही, त्याच्याकडे असा दाखला कुठून येणार? शिवाय एक पत्र जोडायचे, त्यात आपण कसे कुटुंब आहोत हे लिहायचे. मी वीस वर्षे एम. ए.च्या वर्गाला आत्मचरित्र हा साहित्यप्रकार शिकवते आहे. आत्मचरित्रकार काय सांगतो यापेक्षा काय गाळतो ते पाहा, असे दरवर्षी बजावते. आता एका पानात माझे स्वतःचे आत्मवृत्त लिहायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आले, की वाक्यागणिक मी काहीतरी गाळते आहे. आम्ही शांत आहोत, नीटनेटके आहोत, धूम्रपान करत नाही. मुलगा दिवसभर घरात क्रिकेट खेळतो हे मी लिहिले नाही.

अशी त्रेचाळीस पत्रे मी पाठवली. उत्तरे आली पाच. त्यांतले एक फारच आपुलकीचे होते. मालक परदेशी असल्यामुळे घर प्रत्यक्ष दाखवता येणार नाही, तरी अनामत रक्कम पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असे त्यात म्हटले होते. छायाचित्रांतले घर इतके देखणे होते की मी बँकेचे पान उघडूनही बसले होते. तिथे अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क असतो, हे नवऱ्याने आदल्या दिवशीच वाचले होते. हा गृहस्थ सगळी रक्कम एकदम आणि आधी मागत होता. आम्ही थोडक्यात वाचलो.

दुसरे उत्तर खरे होते. नेकार नदीपलीकडे बाड कानश्टाट नावाचा शहराचा जुना भाग आहे, तिथल्या एका वयस्कर बाईंचे. तीन खोल्या, चौऱ्याहत्तर चौरस मीटर. त्यांनी संगणकावरून समोरासमोर बोलावले. मुलाला आम्ही नवा सदरा घालून मधोमध बसवले. बाई सौजन्याने वागल्या. मुलाच्या शाळेची चौकशी केली, माझा विषय विचारला. आणि शेवटी, किंचित संकोचून, आम्ही स्वयंपाकात मसाले खूप वापरतो का, तळण करतो का, असे विचारले. आधीच्या एका भाडेकरूनंतर घरातला वास महिनोन्‌महिने गेला नव्हता म्हणे. मी तत्काळ उत्तरले, "छे, आम्ही अगदी साधेच खातो." त्या क्षणी आमच्या स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी दिलेली आमटी उकळत होती. संगणकातून वास जात नाही हे किती बरे!

त्या रात्री मला झोप आली नाही. खोटे बोलल्याची टोचणी नव्हती. बाईंच्या प्रश्नाचा सूर मी कुठेतरी ऐकला होता आणि कुठे ते मला नेमके ठाऊक होते.

2012 सालची गोष्ट. सासूबाईंच्या जुन्या घराची माडीवरची खोली भाड्याने द्यायची होती. विद्यापीठात एम. ए. मराठीला प्रवेश घेतलेली एक मुलगी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आली होती. बोलायला चुणचुणीत होती. आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून काही उमगण्यासारखे नव्हते. बसल्या बसल्या तिची नजर माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेली. 'बलुतं' होते, त्याच्या आजूबाजूला आणखी काही आत्मकथने होती. तिचा चेहरा खुलला. "काकू, तुम्ही हे शिकवता?" तिने विचारले. मी मोठ्या समाधानाने होकार दिला. सासूबाई चहा घेऊन आल्या. आधी त्यांनी मटण-मासळी चालते का ते विचारले. मग "गाव कुठलं? गावात घर कोणत्या बाजूला?" असे एकेक सुरू झाले. मुलीने माझ्याकडे पाहिले. त्या कपाटाच्या भरवशावर असेल, तिने आडपडदा न ठेवता सरळ उत्तर दिले.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. "कळवतो," असे मी म्हटले. दुसऱ्या दिवशी फोन करून खोली दुसऱ्यांना दिल्याचे मीच तिला सांगितले. सासूबाईंनी मला तसे करायला सांगितले नव्हते. त्यांचा चेहरा पाहून मी ते स्वतःच ठरवले. पलीकडून "बरं काकू" एवढेच ऐकू आले. माडीवरची ती खोली पुढे दोन महिने रिकामी होती. त्याच सत्रात मी वर्गात 'बलुतं' शिकवले आणि मुलांनी छान टिपणे काढली.

सासूबाई आता नाहीत. दोष त्यांच्या पदरात टाकणे आता सोपे आहे, आणि म्हणूनच मी ते टाळते. त्यांनी प्रश्न विचारले, निर्णय मी घेतला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी आठवणी आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. शीर्षकात व्हिसा असला तरी त्यांतील सारे अनुभव मायदेशातलेच आहेत. 1917 साली परदेशातून परत येऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हा मजकूर मी वर्गात अनेकदा वाचून दाखवला आहे. वाचताना मी नेहमी त्यांच्या बाजूला उभी असे. त्यांना अडचण सांगणाऱ्या स्नेह्यांच्या बाजूला आपली जागा आहे, हे मला त्या बाड कानश्टाटच्या बाईंनी नकळत दाखवले.

दोन्ही प्रसंग सारखे आहेत असे मला अजिबात म्हणायचे नाही. माझ्या वासाला नकार मिळाला तर मी दुसरे घर शोधीन, माझ्यामागे कंपनी आहे, वेतन आहे, परतीचे तिकीट आहे. त्या मुलीच्या किंवा बाबासाहेबांच्या वाट्याला आलेला नकार जन्माला चिकटलेला होता. मला फक्त त्याची झुळूक लागली, तीही चाळिशी उलटल्यावर.

या चार महिन्यांत जर्मन भाडेकायद्याविषयी बरेच वाचले. त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. घरमालकाने मिळकत, नोकरी, राहणाऱ्यांची संख्या विचारणे रास्त समजले जाते. धर्म कोणता, मूल होऊ देण्याचा विचार आहे का, कोणत्या पक्षाचे सदस्य आहात, असे प्रश्न सामान्यतः गैर ठरतात. आणि गैर प्रश्नाला भाडेकरूने खोटे उत्तर दिले, तर त्या खोटेपणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. म्हणजे खोटे बोलण्याचा हक्कच! वंश किंवा वांशिक मूळ यांवरून घर नाकारण्याला तिथे 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्याने, काही अपवाद ठेवून, मनाई केली आहे. कायद्याने माणसे निर्मळ होतात असे नाही. माझ्या अडतीस पत्रांना उत्तर का आले नाही, हे कोणत्याही कायद्याने मला कळणार नाही. पण 1917 साली बडोद्यात एका माणसाला जे खोटे नाव लपत-छपत पांघरावे लागले, त्याचा विचार करता, विचारणाराच चुकला आहे असे म्हणणारा कायदा मला मोलाचा वाटला. आपल्याकडे खाजगी घराच्या दारापाशी अशी भिंत जवळजवळ नाही. उलट एका धर्माच्या लोकांपुरते सदस्यत्व राखून ठेवणारी गृहनिर्माण संस्थेची उपविधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैध ठरवली होती.

असो. बाड कानश्टाटच्या बाईंनी चार दिवसांनी नम्र नकार कळवला. घर शेवटी मिळाले ते वेगळ्याच वाटेने. नवऱ्याच्या कचेरीतले एक मराठी कुटुंब पुण्याला परत येते आहे. जाणाऱ्या भाडेकरूने आपल्यामागे येणारा भाडेकरू सुचवण्याची तिकडे चाल आहे. त्यांनी मालकांना आमचे नाव सुचवले, मालकांनी त्यांच्या शब्दावर होकार दिला. स्वयंपाकघरातला ओटाही ते आम्हाला विकून येणार आहेत. घर मिळाल्याचा आनंद झाला, हे लपवत नाही. मात्र माझ्या त्रेचाळीस पत्रांनी जे दार उघडले नाही, ते 'आपल्यातले' या एका शब्दाने उघडले, हेही इथे नोंदवायला हवे.

हाच शब्द गेल्या आठवड्यात पुन्हा कानी पडला. तीन वर्षे आमचे पुण्यातले घर भाड्याने द्यायचे आहे. एजंट वहीत लिहून घेत म्हणाला, "मॅडम, फॅमिलीच ना? व्हेज? आपल्यातलेच बघू."

"उत्पन्न किती, माणसं किती, आणि किती दिवस राहणार, एवढंच विचारा," मी म्हटले.

त्याने पेन थांबवले. "आणि कमिटीनं विचारलं तर?"

"कमिटीशी मी बोलेन."

हे बोलताना माझा आवाज म्हणावा तितका ठाम नव्हता. सोसायटीच्या बैठकीत मी आजवर पार्किंगखेरीज कशावरही तोंड उघडलेले नाही. बैठकीत दोघे जण नाराज झाले, एकांनी "तुम्ही काय, जाणार निघून" असे ऐकवले. त्यात तथ्य होते. तरी मी खाली बसले नाही. आमचे घर आम्ही कोणाला देतो हा आमचा प्रश्न आहे, पोलिसांकडे नोंद आणि करार रीतसर होईल, एवढेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी विषय पुढे ढकलावा तसा तो मंजूर झाला.

परवा घर पाहायला एक जोडपे आले. दोघेही नोकरी करणारे, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. आडनाव गावावरून पडलेले. घर दाखवून झाले, ती दोघे सोफ्यावर बसली, बाईंची नजर पुस्तकांच्या कपाटावरून फिरली. 'बलुतं' अजून तिथेच आहे. गाव कोणते, हा प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला. इतक्या सगळ्या विचारानंतरही आला.

मी त्यांना चहा घेणार का, असे विचारले.