पसाभर गव्हाची जयंती

आम्हा भावंडांच्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते ९० च्या सुमारास, माळशिरसच्या आमच्या वस्तीत वर्षाचा मोठा सण एकच, १४ एप्रिल. नवा कपडा वर्षातून एकदाच मिळायचा, तोही भीमजयंतीला. साखर कारखान्याचा पट्टा पडला की दादा हिशेबाच्या पैशातून कापड आणत. आई पांढरे लुगडे नीळ घालून धुऊन ठेवी.

आठ दिवस आधी तरुण पोरे पोती घेऊन घरोघर फिरत. वर्गणी पैशात थोडी, धान्यात जास्त. ज्याच्याकडे असेल त्याने मापटेभर, नसेल त्याने पसाभर गहू. मजुरीवर पोट भरणारी एक म्हातारी नुसता गुळाचा खडा द्यायची. यादीत तिचेही नाव लिहिले जाई. बाया एकत्र बसून गहू पाखडत, उखळात कांडत. आम्ही मुले कणकेच्या खळीने सुतळीला निळ्या पताका चिकटवायचो.

सकाळी त्रिशरण-पंचशील, संध्याकाळी बैलगाडीत बाबासाहेबांचा फोटो ठेवून हलगी-लेझीमची मिरवणूक. मग काहिलीतल्या खिरीची पंगत आणि गॅसबत्तीच्या उजेडात रात्रभर गायन पार्टी.

पंगतीत आजी हमखास आजोबांच्या येसकर पाळीची आठवण काढी. हातात काठी घेऊन संध्याकाळी दारोदार "जोहार मायबाप" म्हणायचे आणि शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करायचे. सणासुदीलाही तेच. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, १९५८ च्या कायद्याने वतने संपली आणि ती टोपली कायमची खाली ठेवली गेली. आजी म्हणायची, "पयलं आमी दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायचो. आता आपल्या दारात आपलीच पोरं येत्यात." त्या एका वाक्यात आम्हाला जयंतीचा अर्थ कळला.

१९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले आणि १९९१ ला जन्मशताब्दी आली. त्या वर्षी वस्तीत एकाऐवजी दोन काहिली चढल्या. गहू मात्र घराघरातलाच होता.

आता बऱ्याच ठिकाणी डॉल्बी येतो, फ्लेक्स लागतात. एखादा पुढारी एकरकमी देणगी देतो आणि फ्लेक्सवर त्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा छापला जातो. आम्ही कारकुनी करणारी माणसे, जमा-खर्च बघायची सवय. जमेच्या बाजूला एकच नाव असले की उद्या त्याचीच मर्जी सांभाळावी लागते. पन्नास घरांची नावे असली तर कुणापुढे वाकावे लागत नाही.

बंधू-भगिनींनो, यंदा वर्गणीला पोरे आली की पैसे जरूर द्या. पण लहान मुलाच्या हाताने पसाभर गहूही घाला, आणि आपल्या आजा-पणजाने भाकरी कशी मागितली हे त्याला सांगा. खीर त्याला जास्त गोड लागेल.

जय भीम!