कूलर काढताना...

होळी झाली की नागपुरात घरोघरी एकच काम... कूलर काढणे! पुण्यातल्या मित्रांना हे सांगून कळत नाही. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आठ महिने ताडपत्री पांघरून झोपलेला असतो.

मागच्या मे महिन्यात बाबांना त्याचा शॉक बसला. पाइप लावून पाणी भरत होते, कूलर चालूच. हात झटकला गेला म्हणून वाचले. आईने हे मला दोन महिन्यांनी सांगितलं, "तू उगाच घाबरला असतास" म्हणे!

म्हणून यंदा सुट्टी टाकून आलो. जुन्या ताट्या काढल्या. बोअरच्या पाण्याने वुडवूलवर क्षारांचा पांढरा थर बसलेला, पापडासारखा कडक. हवाच आत जाणार नाही तर गारवा कुठून येणार? एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कूलरचं इंजिनिअरिंग बस्स एवढंच. फक्त हवा कोरडी हवी. म्हणून तो इथे राजा, आणि मुंबईत नुसता घाम काढतो.

टाकी घासली, पंपाची जाळी धुतली, वरच्या नळीची भोकं दाभणाने मोकळी केली. मग प्लग उघडला. पिना तीन, आत वायरी दोनच! म्हणजे अर्थिंग नाहीच. पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला रस्ता एकच, ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस.

"कोणी केलं हे?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले. "ते ४७.९ झालं होतं ना, त्या वर्षी. रात्री वायर जळली, दुकानं बंद. घरात दोन वायरीचीच पडली होती."

२३ मे २०१३. दहावीचा निकाल लागायचा होता, आणि आम्ही चौघं याच कूलरसमोर गाद्या टाकून झोपायचो. मला छान आठवतं, त्या रात्री तासाभरात गार वारा परत सुरू झाला होता. मी काही बोललो नाही.

तीन वायरींची नवीन केबल टाकली. सॉकेटचं अर्थिंग तपासलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. त्याचं टेस्ट बटण दाबल्याबरोबर घर बंद, आणि आईची सिरियलसुद्धा.

संध्याकाळी नव्या ताट्यांचा ओला वास घरभर. थोड्या वेळाने बाबा पाइप घेऊन निघाले.

"बाबा, प्लग!"

परत आले, प्लग काढून खिशात टाकल्यासारखं केलं, आणि पाणी भरायला गेले.