बोरच्या रानातील खातेवही

वर्ध्याहून सेलू, हिंगणीमार्गे जाणारा प्रवासी बोर धरणापाशी पोहोचतो, तेव्हा सागाचे रान समोर येते. २०१४ पासून हा व्याघ्रप्रकल्प असल्याने सर्वांची दृष्टी वाघाकडे असते. पायाखालच्या तृणाकडे क्वचितच जाते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. परंतु वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने त्या वहीबाहेरच राहिला. अशा प्रदेशात एखादी वनस्पती ‘नवी’ आढळते, तेव्हा बहुधा नोंद तेवढी नवी असते. वनस्पती पूर्वापार तेथेच असते. नमुना दाबून, वाळवून, स्थळ व दिनांकासह जतन केला की नोंद पक्की होते. व्यापारी जाणतोच : जो माल जमेस धरलाच नाही, त्याची घट कोणासही कळत नाही.