सुटलेला टाका

मंगळवारीं दुपारीं जेवणें आटोपून ओटा पुसून झाला, कीं आम्ही पिशवी खांद्यास लावून घराबाहेर पडतों. पिशवींत दोन सुया, लोकरीचे चारदोन गुंडे, एक क्रोशाची सुई आणि लाडवांचा डबा एवढाच ऐवज असतो. दारांत सासूबाई हटकून विचारतात, "निघालीस का गं सुया घेऊन? आज कोणाला टोचायचं आहे?" हा विनोद गेलीं अकरा वर्षें चालू आहे, आणि त्याला दर मंगळवारीं हंसण्याची आमच्या घराची रीत आहे.

आम्ही चौघी पुण्यांतल्याच. माई सर्वांत वडील. येत्या पौषांत त्यांना एक्याऐंशीवें वर्ष लागेल. दुसऱ्या बाई. त्या निवृत्त शिक्षिका असल्यामुळें त्यांच्या हाताखालून गेलेल्या, डोक्यावरचे केंस पिकलेल्या गृहस्थांनाही त्यांचा अद्याप धाक वाटतो. तिसरी धाकटी, ती संगणकाच्या कचेरींत नोकरीला असून निम्मे दिवस घरूनच काम करते, व मंगळवारची दुपार तिनें वरिष्ठांशीं भांडून मिळविली आहे. चौथी प्रस्तुत लेखिका, एकत्र कुटुंबांतली मधली सून. तिला आठवड्याचे हे दोन तास मिळविण्यासाठीं कोणाकोणाशीं भांडावें लागलें, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. वाचक भगिनी जाणतातच.

थंडीच्या दिवसांत आम्ही बहुधा सारसबागेंत जातों. तेथील तळ्यांतल्या गणपतीला थंडी पडली म्हणजे स्वेटर आणि कानटोपी घालतात, हें पुणेकरांना ठाऊक आहेच. त्याचें दर्शन घेतांना आमची दृष्टि प्रथम मुखाकडे न जातां गळ्याच्या पट्टीकडे जाते, हा अपराध देव क्षमा करील असें वाटतें. पावसाळ्यांत बाईंची गच्चीलगतची पडवी आणि उन्हाळ्यांत आमचें माजघर. लोकर आणावयाची झाल्यास चौघी मिळून तुळशीबागेच्या आसपासच्या गल्ल्या पालथ्या घालतों. तेथें हल्लीं लोकर म्हणून जें मिळतें त्यांतलें बहुतेक अ‍ॅक्रिलिक. माई तिला "खोटी लोकर" म्हणतात, परंतु तान्ह्या बाळाच्या कपड्यांना तीच पसंत करतात, कारण ती रोज धुतां येते. खऱ्या लोकरीच्या केंसांवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी आणि घुसळण मिळाली कीं ते एकमेकांत अडकून कापड आटतें. आम्हीं अमेरिकेंतल्या पुतण्याला पाठविलेला स्वेटर त्याच्या घरीं एकदां यंत्रांत धुतला गेला, आणि परत आला तेव्हां तो आमच्या ठकीलाही दंडांत घट्ट झाला. खरेदी करतांना वेष्टनावरचा रंगाचा लॉटही पाहावा लागतो. एकाच पिवळ्या रंगाचे दोन गुंडे निराळ्या लॉटचे असले, तर दुकानांत दिसत नाहीं, पण पाठीवर पट्टा उमटतो तो कायमचा.

खरें पाहतां पुण्यासारख्या ठिकाणीं थंडी ती किती? दोन-अडीच महिने. मोठ्या माणसांचे स्वेटर उरलेलें वर्ष डांबराच्या गोळ्यांच्या सहवासांत काढतात. आमच्या घराघरांतून लोकरीचें विणकाम टिकून राहिलें आहे तें बाळंतविड्यामुळें. टोपडें, कुंची, मोजे, दुपटें हीं लहान कामें. दुपारच्या झोपेच्या वेळांत होण्यासारखीं. आणि घेणाऱ्यानें नापसंत करण्याची भीति नाहीं, कारण घेणारा बोलत नाहीं.

आम्हां तिघींना विणावयास शिकविलें माईंनीं. त्यांचा स्वतःचा पहिला स्वेटर मात्र बाळंतविड्याचा नव्हता. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें, तेव्हां देशभर ठिकठिकाणीं स्त्रियांनीं जवानांसाठीं लोकरीचे कपडे विणले. माई सोळा वर्षांच्या होत्या. त्यांनीं दोन स्वेटर विणून दिले. ते कोणाच्या अंगाला लागले, लागले कीं नाहीं, हें त्यांना कधींच कळलें नाहीं. परंतु "वारा आंत शिरतां कामा नये" म्हणून तेव्हां जो हात घट्ट बसला, तो पुढें सैल झाला नाहीं. माईंचें टोपडें टोपडें नसून चिलखत आहे, असें बाई म्हणत.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास माईंनीं एक दुपटें घेतलें. चैत्रांत त्यांना पणतवंड होणार होतें. नमुना लाटांचा, स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड म्हणून बेटें आहेत, तेथला तो जुना नमुना. त्याचें एक घर अठरा टाक्यांचें. पहिले सहा टाके दोन-दोन मिळून तीन करावयाचे. मधल्या सहांच्या प्रत्येकीं एक दोरा घेऊन बारा करावयाचे. शेवटचे सहा पुन्हां तीन. तीन, बारा आणि तीन मिळून अठरा, हिशेब जुळला. अशीं सात घरें, म्हणजे १२६ टाके. माईंनीं हा नमुना जन्मांत किती वेळां विणला असेल याला गणती नाहीं. त्या मोजीतही नसत.

माघांतल्या एका मंगळवारीं बाईंनीं माईंचें काम सहज हातांत घेतलें, आणि शिक्षकी संवयीनें टाके मोजले. ११९ भरले. सात टाके कोठें गेले तें शोधूं लागलों, तों खालीं तीन ठिकाणीं टाका गळून शिडी झालेली, एका ओळींत दोरे घ्यावयाचेच राहिलेले, आणि एके ठिकाणीं एकच ओळ दोनदां. माई त्या वेळीं कट्ट्यावर बसून चणेवाल्याला सुटे पैसे देत होत्या. दहाची नोट तीनदां उलटून पाहिली त्यांनीं. आम्ही एकमेकींकडे पाहिलें.

त्या रात्रीं प्रस्तुत लेखिकेनें "भाचीला नमुना दाखवायचा आहे" असें सांगून तें दुपटें घरीं आणलें, आणि निजानीज झाल्यावर चुकीच्या ओळीपर्यंत उसवून पुन्हां विणलें. पुढच्या मंगळवारीं बाईंनीं नेलें. असा परिपाठच पडला. माईंनीं आठवडाभर विणावें, आम्हीं एका रात्रींत उसवावें व विणावें. धाकटीला हें पहिल्यापासून पसंत नव्हतें. ती म्हणाली, "हें फसवणं आहे. त्यांना सांगायला हवं." आम्हीं तिला गप्प केलें. वडील माणसाचा मान राखणें म्हणजे काय, तें तुला अजून कळावयाचें आहे, असेंही कांहीं बोललों. बाई मात्र एकदां आपल्याशींच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एकाही मुलाचं उत्तर मीं लिहून दिलं नाहीं." तरी त्यांनीं दुपटें नेलेंच.

फाल्गुन संपत आला होता. बाईंच्या पडवींत बसलों असतां वीज गेली. अंधारांत कोणीच विणीना. माई मात्र दुपट्यावरून बोटें फिरवीत बसल्या होत्या. लाट चढते कोठें, उतरते कोठें, हें चांचपीत त्यांची बोटें खालीं गेलीं, वर आलीं, पुन्हां खालीं गेलीं.

"हा माझा हात नव्हे," त्या म्हणाल्या.

आम्ही स्तब्ध. घट्ट विणीमध्यें सैल विणीचा पट्टा कितीही सफाईनें बसविला, तरी विणणारीच्या बोटांना तो लपत नाहीं. रंगाच्या लॉटबद्दल दुकानदाराशीं हुज्जत घालणाऱ्या आम्हांला एवढें सुचूं नये!

"किती दिवस?" माईंनीं विचारलें. दोघी मोठ्या तोंड मिटून बसलों. धाकटी म्हणाली, "सात आठवडे, माई." माईंनीं दुपट्याची घडी केली, पिशवींत घातली, आणि वीज येण्याची वाट न पाहतां म्हणाल्या, "मला घरीं पोंचवा."

दोन मंगळवार त्या आल्या नाहींत. दूरध्वनि केला तर सूनबाई सांगत, "त्या निजल्या आहेत." हें खोटें आहे हें सांगणारीलाही ठाऊक आणि ऐकणारीलाही. तिसऱ्या मंगळवारीं आम्ही तिघी न कळवितां त्यांच्या घरीं गेलों. खोलींत दांडीवर लोकरीच्या पांच लड्या वाळत घातल्या होत्या. उसवलेली लोकर कुरळी होते; तिच्या लड्या करून धुतल्या कीं पुन्हां सरळ होते. सबंध दुपटें माईंनीं पहिल्या टाक्यापर्यंत उसवलें होतें.

आमच्यापैकीं कोणी क्षमेचे शब्द काढण्यापूर्वींच माई म्हणाल्या, "बाळाला 'पणजीनं विणलं' म्हणून सांगणार होतां ना? त्यांत पणजीचं किती होतं?" आणि मग किंचित् थांबून, "मी विसरतें, हें मला ठाऊक आहे. डॉक्टरांनीं दिवाळींतच सांगितलं. तुम्हांला कळूं नये म्हणून मी येऊन बसत होतें, आणि मला कळूं नये म्हणून तुम्ही रात्री जागत होतां. झकास चाललं होतं आपलं!"

त्या हंसल्या. आम्हांला हंसूं आलें नाहीं. प्रस्तुत लेखिकेला तर त्या दिवशीं प्रथमच कळलें, कीं आपण जपत होतों तो माईंचा मान नव्हे. माईंचें चुकणें पाहावें लागूं नये, ही आपलीच सोय आपण पाहत होतों. धाकटीला बोललेले शब्द मागें घेतां येत नाहींत. परत येतांना रिक्षांत तिनें स्वतःच तो विषय काढूं दिला नाहीं.

माईंनीं अट घातली. लाटा बंद, मोजण्याचें काम बंद. तीस टाके घालावयाचे आणि प्रत्येक ओळ सुलट विणीत जायचें. एक ओळ सुलट व एक उलट विणली तर कापडाच्या कडा गुंडाळतात. सर्व ओळी सुलट विणल्या तर तें दोन्ही अंगांनीं सारखें दिसतें आणि सपाट पडतें. कोणती ओळ चालू आहे हें स्मरणांत ठेवावें लागत नाहीं. असे चौकोन करून जोडावयाचे, आणि दुपट्याऐवजीं पणतवंडाला पांघरूण करावयाचें. दुसरी अट अशी, कीं त्यांनीं मागितल्याशिवाय कोणीं त्यांच्या सुईला हात लावावयाचा नाहीं.

ही अट पाळणें किती कठीण आहे, तें विणणाऱ्या भगिनींनाच कळेल. शेजारीं टाका गळून शिडी खालीं खालीं उतरत आहे, हातांत क्रोशाची सुई आहे, एकेक पायरी उचलून तो टाका वर आणावयास अर्धें मिनिट पुरें. आणि आपण गणपतीच्या कळसाकडे पाहत बसावयाचें! कधीं माईंना दिसतो. मग त्या म्हणतात, "अगं, हा पकड." कधीं दिसत नाहीं.

या कार्तिकांत आम्ही त्यांना घेऊन जेजुरीस गेलों होतों. येतांना दिवे घाटाच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला. धाकटीनें धनगरिणीशीं बोलणें लावून काळ्या लोकरीचें एक गाठोडें विकत घेतलें. दख्खनी मेंढीची ही लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी मागावर विणून तिला चिंचोक्याची खळ देतात. ती अंगाला टोचते. तीन वेळां धुतली तरी घरभर मेंढीचा वास राहिला, आणि आमच्या जाऊबाई दोन दिवस नाकाला पदर लावून वावरल्या. सासूबाईंनीं मात्र तिला हात लावून पाहिला, आणि सोवळ्यांत नेसावयाच्या आपल्या आईच्या धाबळीची आठवण काढली. माईंनीं ती लोकर बोटांत चुरगळली व म्हणाल्या, "ही खरी. हिला विसरलं तरी चालतं, ही पाणी धरूं देत नाहीं." याचा अर्थ आम्हांला नीट लागला नाहीं. बाई हल्लीं चातीवर तिचा जाड दोरा काढतात, आणि सासूबाईंसाठीं पूजेचें एक आसन विणणें चालू आहे.

पणतू आतां आठ महिन्यांचा असून पुढें सरकूं लागला आहे. पांघरूण अठ्ठेचाळीस चौकोनांचें होणार. एकतीस झाले आहेत. गेल्या मंगळवारीं माईंनीं दिलेला चौकोन खालीं तीस टाक्यांचा आणि वर चौतीसांचा आहे, मध्यें एक शिडीही आहे. ती तेवढी दोऱ्यानें बांधून घेतली, नाहीं तर ओढल्यावर उतरत जाईल. बांधतांना माईंना विचारलें होतें. तो चौकोन तसाच तिरपा जोडला आहे. पुढचे सहा त्यांना पिवळे पाहिजेत. शनिवारीं तुळशीबागेंत जाऊन तोच लॉट मिळतो का तें पाहावयाचें आहे.