परत केलेले तिकीट

‘फ्यूजन’ या शब्दाचा आम्हांस पहिल्यापासून तिटकारा. २०२३ च्या जानेवारीत ‘शक्ति’ हे वादकमंडळ मुंबईस आले असता एका विद्यार्थ्याने आणलेले तिकीट आम्ही, ‘खिचडी आम्हांस पचत नाही,’ असे म्हणून परत केले. परवा त्यानेच त्या मंडळाची ५ जुलै १९७५ ची लाँग आयलंडवरील मैफल मुद्रिकेवरून ऐकविली. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार धावत सुटते, एल. शंकर यांचे व्हायोलिन तिला गाठते. आणि मग झाकीर हुसेन यांचा तबला व विनायकरामांचा घटम्, एक उत्तरेचा, दुसरा दक्षिणेचा, परस्परांस प्रश्न घालू लागतात. पुढचे उत्तर काय येईल, हे वादकांसही बहुधा ठाऊक नसावे. समोरच्याचे पुरते ऐकावे, मग बोलावे, असे आम्ही वर्गात तीस वर्षे सांगत आलो! झाकीर हुसेन डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. त्या तिकिटावरील आसनाचा क्रमांक आमच्या अद्यापि ध्यानात आहे.